जेटीवरची अकरा मिनिटं

स्वाकोपमुंडला चार दिवस समुद्र बघायला जायचं ठरलं, तेव्हा माझ्या बायकोने, लोइडेने, दोन बॅगा भरल्या. माझ्या बॅगेत चार दिवसांचे कपडे होते. तिच्या बॅगेत जाड कांबळं होतं, चर्चला जायचे दोन्ही झगे होते, औषधांचा डबा होता, आणि तळाशी घाटा ढवळायचा तिच्या आईचा लाकडी दांडा होता. चार दिवसांसाठी जाणारं माणूस दांडा बरोबर नेत नाही. मी तो पाहिला आणि बॅगेची चेन लावून टाकली.

आदल्या दिवशी ती एवढंच म्हणाली होती, "रौहा सांगत होती, तिच्या मासळीच्या कारखान्यात बायका घेतायत."

रौहा तिची धाकटी बहीण. स्वाकोपमुंडच्या मोंडेसा वस्तीत राहते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? सांगितलं आपलं."

तेव्हाच मला कळलं की ही सहल माझ्यासाठी चार दिवसांची आहे, तिच्यासाठी नाही. या चार दिवसांत काही बदललं नाही, तर घरी मी एकटाच परतणार होतो.

मी उत्तरेला ओशाकातीला पाणी शुद्धीकरणाच्या केंद्रावर असतो. कालव्यातून येणाऱ्या पाण्याची पातळी दर तासाला बघायची आणि लिहायची, हे माझं सव्वीस वर्षांचं काम. घड्याळ बघायची सवय हाडात मुरली आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी मिनिटं सांगेन आणि तुम्ही म्हणाल, इतक्या भ्यालेल्या माणसाला मिनिटं कशी आठवतात? मी भ्यालेलो होतो हे खरं. मिनिटंही खरी आहेत.

आमची एकुलती एक मुलगी तुयाकुला चार वर्षांपूर्वी गेली. राजधानीत, विंडहुकला, नर्सिंग शिकत होती. ते अर्ध्यात सोडून केस विणायच्या दुकानात कामाला लागली, म्हणून मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. एका शनिवारी ती कुणाच्या तरी भाड्याच्या गाडीतून घरी यायला निघाली आणि वाटेत त्सुमेबच्या पुढे गाडी उलटली. एवढं सगळ्यांना माहीत आहे. जे कुणालाच माहीत नाही ते असं, की त्या दिवशी अकरा पन्नासला तिचा मला फोन आला होता. मी पातळी लिहीत होतो. नाव पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. पुन्हा वाजला. वाजू दिला. तिचा फोन गाडीखाली चिरडला, आणि माझ्या फोनवरची खूण मी स्वतः पुसून टाकली. लोइडेला सांगितलं नाही. सांगू, सांगू म्हणता चार वर्षं गेली, आणि मग घरातलं बोलणंच आटलं. मुलीचं नावसुद्धा कुणी घेईना.

तर आठशे किलोमीटर गाडी चालवून आम्ही संध्याकाळी मोंडेसाला पोचलो. रौहा दारातच उभी होती.

"या, या, पाणीवाले साहेब! समुद्राची पातळी मोजायला आलात का?"

"मोजू की. पट्टी दे."

"अगं ताई, हे विनोद करायला लागले कधीपासून?"

"वाटेतल्या जनावरांच्या तपासणीच्या फाटकापासून," लोइडे म्हणाली. "तिथपर्यंत गप्प होते."

जेवताना मी दुसऱ्या दिवसाचा बेत वाचून दाखवला. साडेनऊला जेटी. साडेदहाला दीपगृह. मग मत्स्यालय, मग वॉल्विस बेच्या खाडीतले फ्लेमिंगो, दुपारनंतर वाळूच्या टेकड्या. रौहा हसून हसून खोकायला लागली. आमच्याकडे मोठ्या पुरुषाला ताते म्हणजे बाबा म्हणतात, बाईला मेमे म्हणजे आई, नवराबायकोसुद्धा एकमेकांना.

"ताते, शाळेची सहल आहे का ही? शिट्टी आणलीत का?"

लोइडेही हसली. तिचं हसणं ऐकून मला वाटलं, अजून आशा आहे. उद्या समुद्राकाठी कुठेतरी एखाद्या बाकावर बसून सांगून टाकू. रात्रभर मी वाक्यं जुळवत पडलो होतो.

सकाळी धुकं होतं. स्वाकोपमुंडला त्याचं कुणाला काही नाही. बायका धुक्यातच कपडे वाळत घालतात, मुलं धुक्यातच चेंडू खेळतात, चेंडू दिसेनासा झाला की नुसती ओरडतात. आम्ही गाडी लावून जेटीपाशी आलो तेव्हा रस्त्यावरचे ताड अर्धेच दिसत होते, शेंडे नव्हते. समुद्र दिसतच नव्हता. नुसता वास होता, मीठ, कुजकं शेवाळ आणि गंजलेलं लोखंड यांचा. आणि पायाखाली कुठेतरी काहीतरी मोठं, जड, सावकाश कूस बदलत असल्यासारखा आवाज.

जेटी म्हणजे समुद्रात सरळ आत गेलेला लोखंडी पूल, वर फळ्या, टोकाला काही नाही. म्हणजे पलीकडे नुसतं पाणी. तिला तोंड एकच. जो आत जाईल त्याला त्याच वाटेने बाहेर यावं लागतं. हे लक्षात ठेवा.

मी चार पावलं टाकली आणि थांबलो. फळ्यांच्या फटींतून खालचं पाणी हलताना दिसत होतं. माझं डोकं गरगरायला लागलं.

"काय झालं?"

"तू हो पुढे. मी येतो जरा वेळाने."

"सव्वीस वर्षं पाण्यावर काढली, आणि फटीतून दिसलं तर घाबरता?"

"ते पाणी ओळखीचं आहे."

ती मान हलवून निघाली. डोक्याला हिरवा रुमाल, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, कालच धुतलेले. दहा पावलांवर बूट दिसेनासे झाले, पंधरा पावलांवर रुमाल. नऊ एकतीस झाले होते. मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि रात्री जुळवलेली वाक्यं पुन्हा म्हणून बघू लागलो.

नऊ छत्तीसला आतून एक म्हातारा कोळी आला. खांद्यावर गळ, हातात बादली. मला पाहून तो जागीच थबकला.

"ताते... तुम्ही माझ्या पुढे कसे आलात?"

"कुठून पुढे?"

"टोकाला बाकावर बसला होतात ना आत्ता? बाईंबरोबर. हिरव्या रुमालाच्या. मला हात केलात."

"मी इथेच आहे. पाच मिनिटं."

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. बादलीत मासा फडफडला. मग तो कसनुसा हसला. "असेल दुसरं कुणी. धुक्यात आपण म्हातारे सगळे एकाच साच्यातले." तो गेला. पण दहा पावलं गेल्यावर त्याने बादली दुसऱ्या हातात घेतली आणि वळून पाहिलं. मग भराभर चालू लागला.

मी लोइडेला हाक मारली. धुक्यात हाक जात नाही, तोंडापाशीच ओली होऊन पडते. पुन्हा मारली. आत जावं म्हणून पाऊल उचललं, ते फळीवर टेकेना.

नऊ एकेचाळीस झाले असतील. फळ्यांवर पावलं ऐकू आली. सावकाश, दमल्यासारखी. ती दोघांची होती. मी कान देऊन ऐकत होतो, एक हलकं, एक जड... मग जड पाऊल थांबलं. हलकं तेवढं पुढे येत राहिलं.

आधी रुमाल दिसला. तो आता डोक्याला नव्हता, गळ्यात बांधला होता. मग चेहरा. कपाळ आणि नाकाचा शेंडा उन्हाने करपल्यासारखा लाल-काळा झाला होता. मग बूट. घोट्यापर्यंत करडा चिखल, तोही वाळून तडकलेला.

ती माझ्यासमोर येऊन थांबली, दोन्ही हात जोडून गुडघे किंचित वाकवले आणि म्हणाली,

"सांज झाली का, ताते?"

आमच्यात सकाळचं विचारणं वेगळं, दुपारचं वेगळं, सांजेचं वेगळं. नवराबायकोनेसुद्धा ते विचारल्याशिवाय दुसरं बोलायचं नसतं, आणि ज्याला विचारलं त्याने आधी उत्तर द्यायचं, मग काय ते बोलायचं. घराला आग लागली असली तरी आधी उत्तर. लहानपणी यावरून मी किती मार खाल्ला आहे. म्हणून माझ्या तोंडून, मी विचार करायच्या आत, निघून गेलं,

"हो."

"बरी झाली का?"

"हो."

सकाळचे नऊ बेचाळीस झाले होते. मी दोनदा हो म्हटलं होतं.

"किती चालवलंत आज!" ती कठड्याला टेकून म्हणाली. "पाय बघा माझे. आणि ती शेवटची टेकडी? म्हणे, वरून घर दिसतं. कुठलं घर अन् कुठलं काय, नुसती वाळू. पण छान होतं हो... गाडी कुठेय? गाडी आणतो म्हणून पुढे आलात ना?"

"मेमे," मी म्हणालो, "पावणेदहा वाजतायत. सकाळचे."

"थांबलं का शेवटी तुमचं घड्याळ?" ती हसली. पण माझ्याकडे बघत राहिली, कुणीतरी काही कबूल करतंय का हे बघावं तशी. मी टाचा उंचावून तिच्या मागे पाहिलं. पांढरं होतं सगळं. त्या पांढऱ्यात कुणी उभं असेल तर असेल.

गाडीत बसलो. मी किल्ली लावली, फिरवली नाही. ती काचेकडे बघत हळू आवाजात म्हणाली,

"खाडीपाशी तुम्ही सांगितलंत ते. फोनचं."

माझी बोटं किल्लीवर गार झाली.

"चार वर्षं पोटात ठेवलंत. मी समजत होते, तुम्हाला काही वाटतच नाही. दगड आहे म्हणायचे मी तुम्हाला, मनात." तिने गळ्यातला रुमाल सोडला. "माफ केलं असं म्हणत नाही. ते मला अजून जमणार नाही. पण सांगितलंत. आणि तिला काय म्हणायचं होतं तेही सांगितलंत, ते बरं केलंत."

"काय... काय म्हणायचं होतं तिला?"

"पुन्हा वदवून घेताय का? ड्रायव्हर पेंगतोय, मी त्सुमेबला उतरते, मला न्यायला या. एवढंच. भांडण नव्हतं काढायचं तिला."

मी फोन उचललाच नव्हता. तुयाकुलाला काय म्हणायचं होतं हे मला माहीत नव्हतं. या चार वर्षांत प्रत्येक रात्री मी तेच एक स्वतःला विचारत आलो होतो. ते माहीत असेल असं माणूस या जगात उरलं नव्हतं.

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, की मेमे, तो मी नव्हतो. पण म्हटलं असतं तर? एक तर ती मला वेडा म्हणाली असती. नाहीतर तिने विश्वास ठेवला असता, आणि मग माझ्याजवळ काय उरलं असतं? न सांगणारा नवरा. दगड.

मी किल्ली फिरवली.

घरी रौहा चक्रावली. "दहा मिनिटांत परत? भांडलात का?" मग तिचं लक्ष बहिणीच्या पायांकडे गेलं. तिने वाकून बुटावरचा एक पोपडा काढला, बोटांत चुरडला, हुंगला. "हा वॉल्विस बेच्या खाडीचा चिखल. कारखान्यात जाताना मी रोज तुडवते, मला नका सांगू. तिथे जायलाच अर्धा तास लागतो. ताते, तुम्ही गेलात कधी नि आलात कधी?"

"विचार तुझ्या ताईला," मी म्हणालो.

लोइडे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. दहा वाजून दहा मिनिटं. मग म्हणाली, "झोप आली मला," आणि आत गेली. जेवायला उठली नाही, पोट भरलंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत ती झोपली होती. मी तिच्या उशाशी बसून होतो. तिच्या केसांतून वाळू गळत होती, बारीक, कोरडी. समुद्रकाठची नाही. टेकड्यांवरची.

उठल्यावर ती म्हणाली, "घरी जाऊ."

"अजून दोन दिवस आहेत."

"सगळं बघून झालं की."

रौहा तणतणली. "अगं, कारखान्यात तुझं नाव सांगून ठेवलंय मी! मुकादमाच्या हातापाया पडले!"

"दुसऱ्या कुणाला घे. मी गेले तर घरी घाटा कोण घालील?"

"हे काय मूल आहेत?"

"त्याहून वाईट," लोइडे म्हणाली, आणि चार वर्षांनी पहिल्यांदा माझ्या दंडाला धरून उठली.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. परतीच्या वाटेवर ती बोलत होती. तुयाकुलाने लहानपणी शेळीला माझी टोपी घातली होती ते, तुयाकुलाला चवळी आवडायची नाही ते. तुयाकुला, तुयाकुला. चार वर्षं अडवलेलं पाणी कुणीतरी फाटक उचलून सोडलं होतं. आणि ते फाटक मी उचललेलं नव्हतं.

घरी आलो. आमचे दिवस चांगले गेले, खरंच चांगले. तिने मुलीचा फोटो पेटीतून काढून भिंतीवर लावला. मी कामावरून आलो की आंबील पुढे ठेवून समोर बसायची, काय झालं ते विचारायची. शेजारणी म्हणायच्या, समुद्राची हवा मानवली हो तुम्हाला. पण प्रत्येक घोट मला दुसऱ्याच्या पेल्यातला घेतल्यासारखा वाटायचा. ती माझ्याशी चांगली वागत होती, कारण मी सांगितलं होतं. आणि मी तर सांगितलंच नव्हतं. कधीकधी ती भाकरी थापावी तसं हळूच माझ्या पाठीवर थोपटायची आणि मला वाटायचं, हे त्याचं आहे.

पाच महिने मी हे ओढलं. मार्चमध्ये पाऊस संपून सगळीकडे तळी भरली होती, बेडूक दिवसाढवळ्या ओरडत होते. रविवारची दुपार होती. लोइडे मारुलाच्या झाडाखाली चटईवर चवळी सोलत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो. मला माहीत होतं की हे बोलल्यावर ती उद्याच बहिणीकडे जाऊ शकते. तरी बोललो.

"मेमे. तुयाकुलाचा फोन मला दोनदा आला होता. मी उचलला नाही."

"माहीत आहे."

"मी तुला कधीच सांगितलं नाही. आत्ता सांगतोय, पहिल्यांदा. त्या दिवशी जेटीवर मी चार पावलांच्या पुढे आलो नाही. तुझ्याबरोबर दिवसभर जो होता... तो मी नव्हतो."

तिची बोटं थांबली नाहीत. एक शेंग, दुसरी शेंग.

"माहीत आहे," ती म्हणाली. "दुपारीच कळलं होतं."

बेडूक ओरडत होते. मला ते ऐकू येईनासे झाले.

"कसं?"

"दिवसभरात एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही त्याने." ती किंचित हसली. "आणि माझं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायचा."

"आणि मग मला सारखं... तुम्ही सांगितलंत, तुम्ही सांगितलंत..."

"बघत होते, तुम्ही नाकारता का. तुम्ही नाकारलं नाहीत. म्हटलं, चला, निदान फोनचं खरं तरी आहे."

"तू घाबरली नाहीस?"

"कशाला? तुमचाच चेहरा. तुमचेच हात. जरा गार होते, एवढंच." तिने सोललेले दाणे पसाभर उचलून टोपल्यात टाकले. "तिच्याबद्दल बोलत होता हो. इतकं कुणी बोललंच नव्हतं माझ्याशी. शेवटी जेटीवर बसलो तेव्हा विचारत होता, उत्तरेकडे जायला बस किती वाजता असते."

मी टोपलं बाजूला सारलं.

"मग... तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, बस कशाला? आमची गाडी आहे, मागची सीट रिकामीच असते. म्हणून तर निघताना बॅगा डिकीत टाकायला लावल्या."

आठशे किलोमीटर. मी गाडी चालवत होतो, ती बोलत होती. मध्ये मध्ये ती अर्धवट मागे वळून हसत होती. मी समजत होतो, उन्हाची तिरीप चुकवतेय.

"लोइडे," मी म्हणालो. "तो उतरला कुठे?"

तिने हातातली शेंग खाली ठेवली. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. माझी बोटं हातात घेऊन, गार आहेत का बघावं तशी, दाबली. आणि लहान मुलाला समजावतात तशा मऊ आवाजात म्हणाली,

"हे तुम्ही मला विचारताय?"